स्वस्त मक्याची व्हिस्की: चाखायची कशी, जोखायची कशी

अमेरिकेतल्या दारूच्या दुकानात व्हिस्कीच्या मांडणीसमोर उभं राहिलं की नजर आधी वरच्या फळ्यांवर जाते. ती खाली घ्या. सगळ्यांत खालच्या फळीवर, बहुतेकदा कोपऱ्यात, भडक पिवळ्या लेबलाची एक बाटली दिसेल. नाव मेलो कॉर्न. केंटकीत गाळलेली, ओकच्या पिंपात किमान चार वर्षं मुरलेली, 50 टक्के अल्कोहोलची मक्याची व्हिस्की. 750 मिलीची बाटली बहुतेक राज्यांत पंधरा ते वीस डॉलरच्या आसपास मिळते. व्हिस्की चाखायला नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली बाटली हीच घ्यायला सांगतो.

पैसे वाचतात हे त्याचं एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. महागड्या बुर्बनमध्ये (ही अमेरिकेची प्रसिद्ध व्हिस्की, तीही मुख्यतः मक्याचीच) लाकडाची चव इतकी पुढे असते की तिच्याखाली धान्य कुठे आहे हे नवख्या माणसाला सापडत नाही. मक्याच्या व्हिस्कीत धान्य उघड्यावर असतं. ते एकदा नीट ओळखता आलं की पुढे कुठल्याही व्हिस्कीत धान्याचं काय आणि लाकडाचं काय, हे वेगळं काढता येतं. दुर्दैवाने बहुतेक लोक तिला "स्वस्तातलं बुर्बन" समजून एक घोट घेतात, बुर्बनचं काहीच सापडत नाही म्हणून तोंड वाकडं करतात आणि बाटली मागे सारतात. बुर्बनच्या मापाने मोजली तर ती कायम उणीच भरणार. तिचं माप वेगळं आहे, आणि ते हातात यावं म्हणून हा लेख. पायऱ्या मेलो कॉर्न समोर ठेवून लिहिल्या आहेत, पण कुठल्याही मुरलेल्या अमेरिकी कॉर्न व्हिस्कीला त्या चालतील.

बाटली घेण्याआधी: कायदा काय म्हणतो

अमेरिकी नियमांनुसार बुर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतो आणि ते आतून जाळून कोळसा केलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावं लागतं. कॉर्न व्हिस्कीत मका किमान 80 टक्के हवा. तिला पिंपात ठेवलंच पाहिजे अशी सक्ती नाही. ठेवायची झाली तर पिंप एकतर आधी वापरलेलं हवं किंवा कोरं पण न जाळलेलं. गाळताना तीव्रता 80 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही आणि पिंपात भरताना 62.5 टक्क्यांच्या वर नाही, हे दोन नियम दोघींना सारखेच.

म्हणजे खरा फरक पिंपाचा आहे. व्हिस्कीचा लालसर तपकिरी रंग, व्हॅनिला, कॅरामल, हे बरंचसं कोऱ्या जाळलेल्या ओकमधून येतं. पिंप आधी बुर्बनसाठी वापरलेलं असेल तर त्यातला जोरदार अर्क पहिल्या खेपेलाच निघून गेलेला असतो. मग चार वर्षांनीही व्हिस्की फिकट राहते आणि मका पुढे दिसतो. हवा मात्र पिंपात येत-जात राहते, केंटकीचा कडक उन्हाळा आणि थंडी लाकडाला फुगवत-आकसत राहतात, त्यामुळे कच्च्या दारूचा उग्रपणा ओसरतो. मुरणं होतं, पण लाकडाचा लेप चढत नाही.

लेबल वाचा, सावकाश

लेबलावरचा एकेक शब्द इथे कामाचा आहे. "स्ट्रेट" म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली आणि वरून रंग किंवा स्वाद न घातलेली. स्ट्रेट व्हिस्की चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय छापावंच लागतं. वय छापलेलंच नसेल, तर ती चार किंवा त्याहून जास्त वर्षांची आहे असं धरायला हरकत नाही.

त्याहून महत्त्वाचे शब्द "बॉटल्ड इन बाँड". याच्यामागे 1897 चा कायदा आहे. त्या काळी अमेरिकेत साध्या स्पिरिटमध्ये रंग आणि काहीबाही मिसळून ते जुनी व्हिस्की म्हणून खपवण्याचा धंदा जोरात होता. केंटकीतला दारू उत्पादक कर्नल ई. एच. टेलर आणि अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांनी हा कायदा पुढे रेटला. त्याच्या अटी अशा: व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली हवी (वर्षाचे हंगाम दोन, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर), सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली हवी आणि बाटलीत बरोबर 100 प्रूफवर, म्हणजे 50 टक्के अल्कोहोलवर भरलेली हवी. कुठे गाळली हेही लेबलावर क्रमांकासकट यावं लागतं. डीएसपी-केवाय-1 असा क्रमांक दिसला, तर ती लुईव्हिल शहरातली बर्नहाइम डिस्टिलरी. 1996 च्या आगीत हेवन हिल कंपनीची बार्ड्सटाउनची डिस्टिलरी जळाली, त्यानंतर 1999 मध्ये कंपनीने ही विकत घेतली. मेलो कॉर्न हेवन हिलचीच, पण नाव त्याहून जुनं आहे. ते 1945 मध्ये ओवेन्सबोरोच्या मेडली कुटुंबाच्या कंपनीने बाजारात आणलं.

स्वस्त बाटलीवर एवढी हमी मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पन्नास डॉलरच्या कितीतरी देखण्या बाटल्यांवर "गाळली कुणी" याचा पत्ता नसतो, नुसतं "भरली कुणी" एवढंच असतं.

प्रूफबद्दल एक घोटाळा आपल्याकडच्या लोकांचा हमखास होतो. अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्केवारीच्या दुप्पट. 100 प्रूफ म्हणजे 50 टक्के. भारतात जुनी ब्रिटिश मोजणी चालते. तिच्यात 100 प्रूफ म्हणजे सुमारे 57 टक्के, आणि आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर जे 75 प्रूफ किंवा 25 यू.पी. (अंडर प्रूफ) लिहिलेलं असतं, ते 42.8 टक्के. पुण्या-मुंबईत ज्या पेगची सवय आहे, त्यापेक्षा ही व्हिस्की बरीच कडक आहे, हे लक्षात ठेवूनच ग्लास भरा.

जागा, वेळ, ग्लास

जेवणानंतर लगेच चाखू नका आणि अगदी उपाशीपोटीही नको. दुपार उलटल्यावर, जेवणाला तास-दोन तास असताना जीभ बरी असते. स्वयंपाकघरात फोडणी पडत असेल, देव्हाऱ्यात उदबत्ती लागलेली असेल किंवा अंगावर अत्तर असेल तर तो प्रयोग फुकट गेला असं समजा. पान, तंबाखू, कॉफी, टूथपेस्ट यांच्यानंतर अर्धा तास तरी थांबा.

आणि चकणा नंतर. शेव, चिवडा, खारे शेंगदाणे, सगळं नंतर. तिखटाबद्दल तर मी अगदी कडक आहे, कारण मिरचीची आग आणि दारूची जळजळ एकाच संवेदकावर जाऊन पोचतात. हा संवेदक एरवी साधारण 42 अंश सेल्सिअसला "भाजलं" असा निरोप मेंदूला देतो. अल्कोहोल असलं की तो 34 अंशांच्या आसपासच तसा निरोप द्यायला लागतो, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या उष्णतेलाच. त्यात आधी मिरची खाल्लेली असेल तर 50 टक्क्यांच्या व्हिस्कीत जळजळीखेरीज काहीही कळणार नाही. तोंड साफ करायला साधा पाव आणि साधं पाणी पुरे.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास यासाठीच बनवलेला आहे. तो नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो. पसरट तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो, आणि स्टीलच्या फुलपात्रात रंगही दिसत नाही. दोन ग्लास घ्या आणि प्रत्येकात 10 मिली ओता. एक कोरा राहणार, दुसऱ्यात पुढे पाणी घालायचं आहे. मापासाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण धुऊन घेतलं तरी चालेल. बर्फ नको, थंडीने वास दबतो.

प्रमाणाचं एकदाच सांगतो. अमेरिकेत ज्याला "एक ड्रिंक" धरतात त्यात 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि 50 टक्क्यांच्या व्हिस्कीत ते जेमतेम 35 मिलीत भरतं. त्यामुळे चाखणं 20 मिलीचं, बाजूला पाण्याचा मोठा ग्लास, थुंकायला एक रिकामा पेला, आणि त्या संध्याकाळी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. गरोदर असाल, औषधं चालू असतील किंवा दारूशी पूर्वी झगडा झालेला असेल, तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

रंग

ग्लासामागे पांढरा कागद धरा. फिकट सोनेरी, वाळल्या गवतासारखा रंग दिसायला हवा. गुण द्यायला तो बघायचा नाही, ओळखायला बघायचा: पिंप वापरलेलं होतं याची ती खूण आहे. ग्लासच्या कडेवरून ओघळणाऱ्या रेषांवरून दर्जा कळतो असं अनेक जण सांगतात. त्यातून मुख्यतः अल्कोहोलचा जोर कळतो, आणि तो लेबलावर छापलेलाच आहे. पुढे चला.

वास: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

ओतल्यावर लगेच नाक खुपसू नका. ग्लासवर छोटी बशी झाकून दहा मिनिटं ठेवा. झाकण काढल्यावर ग्लास आधी हनुवटीपाशी धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्या. मग ओठांपाशी आणा, मग नाकापाशी. 50 टक्क्यांच्या व्हिस्कीत एकदम नाक घातलं तर अल्कोहोलने नाक बधिर होतं आणि पुढची पाच मिनिटं काहीच हाती लागत नाही.

पहिला वास धान्याचा यायला हवा. नेमका कोणता? कणीस भाजताना कोळशावर येतो तो करपट वास इथे शोधू नका. थिएटरच्या मध्यंतरात किंवा रेल्वे स्टेशनवर वाफाळत्या स्वीट कॉर्नचा, वर लोणी घातलेला कप मिळतो, त्याचं झाकण उघडताना जो गोडसर, किंचित दुधाळ वास येतो, तो आठवा. मेलो कॉर्नमध्ये अगदी समोर असतो तो हाच. त्याच्यामागे लोण्यात केलेला पॉपकॉर्न, थोडं पिकलेलं केळं, आणि बराच मागे व्हॅनिलाचा पुसट भास. शब्द माझेच वापरायला हवेत असं नाही. तुम्हाला मक्याच्या पिठाची भाकरी आठवली किंवा साळीच्या लाह्या आठवल्या तरी ते बरोबरच. परदेशी चाखणाऱ्यांच्या यादीतली कधी न खाल्लेली फळं आपल्या वहीत उतरवण्यात काही अर्थ नाही.

त्या स्वीट कॉर्नच्या वासामागे डायमिथाइल सल्फाइड नावाचं गंधकाचं संयुग असतं. उकडलेल्या मक्यात ते असतंच. थोडं असलं तर मका वाटतो, वाढलं की तेच उकडलेल्या कोबीसारखं वाटायला लागतं. गाळताना वाफेचा तांब्याशी चांगला संपर्क आला तर तांबं ही गंधकी घाण धरून ठेवतं. तिथे हात आखडला की कोबी बाटलीत उतरतो. म्हणून कॉर्न व्हिस्की जोखताना मी पहिली रेघ इथे ओढतो: मका की कोबी?

दोष ओळखायला शिकायचे ते इथेच, नाकाने. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास म्हणजे इथाइल ॲसिटेट. ओतल्यावर पहिली दोन मिनिटं किंचित आला तर सोडून द्या, दहा मिनिटांनीही तोच पुढे असेल तर गुण कापा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर गाळण्याच्या शेवटी निघणारा जड भाग नीट वेगळा केलेला नाही असा संशय घ्या. आंबलेल्या, उलटीसारख्या वासामागे ब्युटिरिक आम्ल असतं आणि त्याला माफी नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा झणका म्हणजे माल अजून कोवळा आहे. चार वर्षांच्या व्हिस्कीत तो अगदी थोडा असावा.

घोट

पहिला घोट जोखण्यासाठी नसतो. चहाच्या अर्ध्या चमच्याएवढी व्हिस्की तोंडात घ्या, जिभेवरून फिरवा आणि गिळा किंवा थुंका. जीभ भाजेल, डोळ्यांत पाणी येईल. त्यावर काहीही लिहू नका. एक मिनिट थांबा, पाणी प्या.

दुसरा घोट खरा. तो पाच-सहा सेकंद तोंडात धरा आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, गोडी. गाळलेल्या दारूत साखर उरत नाही, तरी मक्याची व्हिस्की गोड भासते. हा वासाचा आणि अल्कोहोलचा एकत्र परिणाम आहे. ही गोडी सुरुवातीलाच जाणवायला हवी. दुसरी, अंग. पाण्यासारखी पातळ लागते की जिभेवर थोडी ओशट, लोण्यासारखी पसरते? चांगल्या कॉर्न व्हिस्कीचं अंग भरीव असतं, आणि मला वाटतं स्वस्त बाटल्यांमध्ये चांगली कुठली आणि बरी कुठली हे इथेच ठरतं. तिसरी, मधला भाग. मक्याखेरीज उरलेल्या वाट्यात राय नावाचं गव्हासारखं धान्य आणि मोड आणून वाळवलेलं सातू असतं. राय असेल तर मिरीसारखा बारीक तिखटपणा मधेच डोकावतो. तो आला तर चव सपाट राहत नाही.

गिळल्यावर घड्याळ बघा. मेलो कॉर्नचा शेवट लांबलचक नसतो. गोडसर मका, थोडी मिरी, जराशी तुरट लाकडाची जाणीव, आणि संपलं. वापरलेल्या पिंपातल्या व्हिस्कीकडून मिनिटभर रेंगाळणाऱ्या चवीची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. शेवट आखूड असला तरी स्वच्छ आहे का, एवढं बघायचं. कडवट धातूची किंवा साबणाची चव मागे राहिली तर मात्र गुण कापा.

आता पाणी

दुसरा ग्लास पुढे घ्या. त्यात 10 मिली आहे. चहाचा अर्धा चमचा पाणी घातलं की अल्कोहोल 40 टक्क्यांवर येतं. वास घ्या, घोट घ्या. जळजळ कमी झाल्यामुळे केळं आणि व्हॅनिला आता जास्त स्पष्ट लागतील. मग आणखी दीड चमचा घाला. ग्लासात जवळपास 20 मिली झालं आणि अल्कोहोल 25 टक्क्यांच्या आसपास. इतकं पाणी प्यायला म्हणून कदाचित आवडणार नाही, पण परीक्षेला फार उपयोगी आहे. स्कॉटलंडमधले ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्यांचं मिश्रण जमवणारे जाणकार, नमुने जोखताना 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करून वास घेतात, कारण अल्कोहोलच्या भिंतीमागे लपलेले दोष तिथे उघडे पडतात. पुठ्ठा, कोबी, साबण, जे काही असेल ते 25 टक्क्यांवर लपत नाही.

स्वस्त व्हिस्कीची ही सर्वांत कठीण परीक्षा आहे. पाणी घातल्यावर जी व्हिस्की नुसती पातळ होते पण घाण होत नाही, तिचं गाळणं चांगलं झालेलं आहे. मेलो कॉर्न इथे पास होते, आणि म्हणूनच मी तिच्या बाजूने इतका ठामपणे बोलतो.

शेजारी बुर्बन ठेवा

एवढं जमलं की दुसऱ्या दिवशी हा प्रयोग जरूर करा, कारण सगळ्यांत जास्त शिकायला यातून मिळतं. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची, बॉटल्ड इन बाँड बाटली आणा. तीही हेवन हिलचीच, तीही 50 टक्क्यांची, तीही किमान चार वर्षांची, आणि किंमतही जवळपास तीच. हेवन हिलच्या नेहमीच्या बुर्बनमध्ये 78 टक्के मका, 12 टक्के सातू आणि 10 टक्के राय असते. मेलो कॉर्नमध्ये मका किमान 80 टक्के. म्हणजे कंपनी एक, तीव्रता एक, किमान वय एक, धान्यही जवळजवळ तेच. एक पिंप कोरं आणि जाळलेलं, दुसरं वापरलेलं. एका गोष्टीचा परिणाम इतका वेगळा काढून दाखवणारी जोडी चाळीस डॉलरच्या आत दुसरी मला माहीत नाही.

दोन्ही 10-10 मिली ओता. घरातल्या कुणाला तरी ग्लासच्या बुडाला खुणेचं स्टिकर लावून अदलाबदल करायला सांगा, आणि रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून डोळे मिटून वास घ्या. बुर्बनमध्ये कॅरामल, व्हॅनिला, जळक्या साखरेचा कडवटपणा आणि लाकडाचा तुरटपणा पुढे येईल. तो बाजूला सारून त्याच्याखाली मका शोधा. मेलो कॉर्न आधी चाखलेली असेल तर तो सापडतो. उलट क्रमाने चाखलं तर मेलो कॉर्न फिकी वाटेल, म्हणून वास घेऊन झाल्यावर खुणा बघा आणि घोट घेताना कॉर्न आधी, बुर्बन नंतर.

जॉर्जिया मून नावाची, मुरवलेली नसलेली कॉर्न व्हिस्की मिळाली तर तीही शेजारी ठेवा. ती लोणच्याच्या बरणीसारख्या काचेच्या बरणीत येते आणि वय 30 दिवसांपेक्षा कमी असल्याचं लेबलच सांगतं. ती, मेलो कॉर्न आणि बुर्बन अशा क्रमाने चाखलं की कच्ची दारू, वापरलेल्या पिंपातली आणि कोऱ्या पिंपातली, हा सगळा प्रवास एका टेबलावर कळतो. तीन असतील तेव्हा प्रत्येकीचं माप आणखी कमी करा आणि थुंकायचा पेला खरोखर वापरा.

निकाल कसा लावायचा

शंभरापैकी गुण देण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. 84 आणि 86 मधला फरक सांगायला कितीतरी बाटल्या चाखाव्या लागतात. वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. मका दिसतो का, आणि तो स्वच्छ आहे का? अंग भरीव आहे का? पाणी घातल्यावर काही घाण वर आली का? आणि ही संपल्यावर पुन्हा याच पैशांत हीच घ्याल का?

जे तिच्याकडून अपेक्षित नाही त्याचे गुण कापू नका: फिकट रंग, व्हॅनिला कमी असणं, लाकूड कमी असणं, धान्याची चव येणं. 50 टक्क्यांची धग हाही दोष नाही. ती पाण्याने जाते. उलट ती तुमच्या फायद्याची आहे. 750 मिलीची 50 टक्क्यांची बाटली 40 टक्क्यांवर आणली तर जवळजवळ 940 मिली होते. शेजारच्या 40 टक्क्यांच्या बाटलीशी किंमत ताडून बघताना हा हिशेब धरा.

पण स्वस्त आहे म्हणून दोषही माफ करू नका. "इतक्या पैशांत एवढं चालायचंच" हे वाक्य मी फार ऐकतो आणि मला ते पटत नाही. रंग फिका असणं हा पिंपाचा गुणधर्म आहे, पण कोबीचा वास हा कामातला हलगर्जीपणा आहे, मग बाटली पंधरा डॉलरची असो की दीडशेची. दोन्ही वेगळं करता येणं म्हणजेच जोखता येणं.

निकाल एका बैठकीत लावू नका. सर्दी असेल, झोप झालेली नसेल, तर चव बदलते. उघडल्याच्या दिवशी एकदा आणि बाटली निम्मी झाल्यावर एकदा, अशा निदान दोन नोंदी हव्यात. बाटली उभी ठेवा, उन्हात नको, झाकण घट्ट. निम्मी बाटली महिनाभर राहिली तर हवेने वासाची धार थोडी कमी झालेली जाणवेल. मेलो कॉर्नला ते मानवतं, असं माझं मत.

उरलेल्या बाटलीचं काय करायचं, तर एक भाग व्हिस्की, तीन भाग गार सोडा, भरपूर बर्फ आणि लिंबाची एक चकती. मका सोड्यातही टिकतो, आणि आता चकण्यालाही मोकळीक आहे. खारे शेंगदाणे याच्याबरोबर झकास लागतात. कोला मात्र नको, सगळं त्याच्याखाली गडप होतं.

भारतात कुणासाठी न्यायची असेल तर चेक-इन सामानातच ठेवा. 24 ते 70 टक्क्यांमधली दारू विमानात दर माणशी पाच लिटरपर्यंत, सीलबंद, चालते. पण भारतीय कस्टममध्ये शुल्काशिवाय दोनच लिटर आणता येते. बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध. महाराष्ट्रात अशी दारू पिण्यासाठी वयाची 25 वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना लागतो, गोव्यात वयाची अट 18 ची. ज्याला देणार त्याला 50 टक्क्यांची गोष्ट आठवणीने सांगा, नाहीतर तो नेहमीच्या मापाने साठ मिलीचा पेग भरेल.

पुढची पायरी म्हणून टेक्सासमधल्या वेको गावच्या बालकोनेस डिस्टिलरीची बेबी ब्लू घेता येईल. निळ्या मक्याची, 46 टक्क्यांची, आणि मेलो कॉर्नपेक्षा बरीच महाग. मेलो कॉर्नमध्ये चहाच्या चमच्याचा साधारण सहावा भाग पाणी घालून तीही 46 वर आणा (10 मिलीला साधारण 0.9 मिली), डोळे मिटून दोन्ही चाखा, तेच चार प्रश्न विचारा, आणि किमती उत्तरं लिहून झाल्यावरच बघा.